पानाची खालची बाजू

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत खुशालरावचं कृषी केंद्र तीस वर्षांचं. बियाणं, खत, फवारणीची औषधं असं सगळं तिथं मिळायचं. पण खरं सांगायचं तर लोक त्याच्या बोटांसाठी यायचे. शेतकऱ्यानं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, फांदी काउंटरवर ठेवली की हा आधी पान उलटवणार, खालून अंगठा फिरवणार, उन्हाकडे धरणार आणि मग बोलणार. "फुलकिडे हायेत. दोन दिवस थांब, जोराचा पाऊस आला तर औषध लागत नाई." औषध विकणाराच औषध नको म्हणतो म्हटल्यावर लोकांचा भरवसा बसणारच की! बोंडअळीनं लागोपाठ हंगाम खाल्ले तेव्हा तर हातात फांद्या घेतलेली माणसं सकाळपासून त्याच्या पायरीवर बसून असायची.

मग रस्त्यापलीकडच्या अब्दुल सत्तारनं आपलं कापडाचं दुकान मोडून तिथंच कृषी केंद्र टाकलं. खुशालराव पोट धरून हसला. "मीटर मोजणारा आता पऱ्हाटी शिकवते!" पण त्याच सुमारास नियम आला: डिप्लोमा करा, नाही तर परवाना विसरा. दोघांनीही नावं घातली. दर रविवारी अमरावतीला जायचं ठरलं होतं. तेवढ्यात कोरोना आला आणि वर्ग मोबाईलमध्ये शिरला. खुशालराव तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता.

बायको रुख्मिणीबाई मोबाईल गव्हाच्या डब्याला टेकवून द्यायच्या आणि हा गृहस्थ टोपी घालून समोर बसायचा. सर पानाचा फोटो दाखवून विचारायचे, "ओळखा, कोणती कीड?" खुशालराव चष्मा वर करी, खाली करी. पानाला हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही, म्हणजे ओळखायचं तरी कशानं? एकदा तर फोटोतलं पान उलटतं का पाहायला त्यानं बोट फिरवलं. पान कुठलं उलटतं, वर्गच बंद पडला! परत आत शिरेपर्यंत सत्तारचं उत्तर देऊन झालं होतं आणि सर म्हणत होते, "शाब्बास, सत्तारभाई!"

हे 'शाब्बास' त्याच्या कानातून जाईना. सत्तारची लेक उज्मा बापाकडून फोटो घोकून घेते, हे त्याला कळलं होतं, आणि त्यानं तर तो जास्तच पेटला. सरांनी आज किती वेळा 'सत्तारभाई' म्हटलं, हे तो बोटांवर मोजू लागला. पलीकडच्या पायरीशी किती चपला आहेत ते दुकानातून वाकून पाहू लागला. आणि एक दिवस नत्थुजी, त्याचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक, फांदी घेऊन रस्ता ओलांडताना दिसला. नजरानजर झाली तशी नत्थुजीनं फांदी पाठीमागे लपवली.

त्या दिवशी खुशालराव जेवलाच नाही.

"काहून जी, पोट दुखते का?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"त्या सत्तारले पऱ्हाटीतलं काय समजते?"

"समजत नाई म्हणून शिकून राहिला ना तो! तुमी काय करून राहिले?"

"मी?"

"तुमी जळून राहिले."

बाईचं खोटं नव्हतं.

सप्टेंबरात प्रात्यक्षिक परीक्षा आली. त्यात नापास तो डिप्लोम्यात नापास, आणि परवानाही गेला. जोड्या लावलेल्या: एकानं खरी फांदी मोबाईलसमोर धरायची, दुसऱ्यानं रोग ओळखायचा, मग उलट. सरांनी एकाच गावचे म्हणून खुशालराव आणि सत्तारची जोडी लावली. खुशालरावला आनंद झाला. कसला आनंद, ते ऐका.

सकाळीच तो एका ओळखीच्या शेतात गेला आणि अर्धा तास हिंडून एक फांदी निवडली. पानं लाल. वरून पाहणारा कुणीही म्हणेल लाल्या, म्हणजे झाडाला पोषण कमी पडतंय. पण पानाखाली तुडतुडे बसले होते. रस पिऊन त्यांनीच पान लाल केलं होतं. फोटो घोकणाऱ्याला हे कुठून कळणार? वरची बाजू तेवढी दाखवायची. सत्तारनं साऱ्या वर्गासमोर 'लाल्या' म्हणावं आणि पलीकडच्या शटरला कुलूप लागावं, इतकंच त्याला पाहिजे होतं.

परीक्षा सुरू झाली. खुशालरावनं फांदी धरली. सत्तार मोबाईलला नाक लावून पाहू लागला. कपाळावरचा घाम इकडे दिसत होता.

"सर, पान तर लाल दिसून राहिलं..."

म्हण लेका, म्हण लाल्या! खुशालरावला हसू आवरेना.

आणि तेवढ्यात त्याच्या अंगठ्यानं पान उलटवलं. त्यानं नाही हो, अंगठ्यानं! तीस वर्षं फांदी हातात आली की जे केलं, तेच हातानं आत्ताही केलं. त्याच्या लक्षात येईस्तोवर हिरवे तुडतुडे पानाखालून तिरपे पळत सुटले होते.

"तुडतुडे!" सत्तार ओरडलाच. "सर, तुडतुडे!"

"बरोबर. आणि खुशालराव, पान उलटून दाखवण्याचे पूर्ण गुण तुम्हाला. सकाळपासून एकानंही उलटवलं नव्हतं."

मग सत्तारची पाळी आली. त्यानं आपली फांदी आधी वरून दाखवली, मग प्रत्येक पान उलटून, सावकाश, उजेडाकडे धरून. खुशालरावनं पांढरी माशी ओळखली. न ओळखून जातो कुठं!

चार दिवसांनी निकाल लागला, दोघंही पास. सत्तार पेढ्यांचा पुडा घेऊन रस्ता ओलांडून आला.

"भाऊ, तुमी पान उलटवलं नसतं तर माहं दुकान गेलं होतं."

रुख्मिणीबाई कौतुकानं नवऱ्याकडे पाहू लागल्या. ते कौतुक खुशालरावला सोसेना.

"सत्तार, मले ते उलटवायचं नव्हतं."

"मालूम हाये, भाऊ," सत्तार म्हणाला. "फांदीच्या मांगं तुमचं तोंड दिसून राहिलं होतं."

खुशालरावचा चेहरा उतरला. "तरी पेढे आणले?"

"तुमाले कोण आणते? याले आणले." सत्तारनं त्याचा उजवा हात ओढला आणि पुडा त्यावर ठेवला.

खुशालरावनं एक पेढा उचलला आणि तोंडात टाकायच्या आधी उलटून पाहिला.