फिरते सर

वर्गात आले की सर चप्पल दाराशी काढायचे आणि सरळ मुलांच्या सतरंजीवर मांडी घालायचे. मी खुर्ची पुढं केली की म्हणायचे, "राहू द्या. वरून लेकरू दिसत न्हाई." पहिलीतल्या एका पोरीनं त्यांना विचारलंही होतं, "तुमी नापास झालते का?" सर म्हणाले, "लई वेळा!"

ते दिव्यांग मुलांसाठी नेमलेले फिरते शिक्षक. कितीतरी शाळा त्यांच्या एकट्याकडं. धावड्याकडच्या आमच्या शाळेत महिन्यातून एकदा यायचे. कंत्राटी नोकरीत असा जीव लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझ्या वर्गात रुखसार होती. हाक मारली तरी बघायची नाही, म्हणून सगळे तिला खुळी समजायचे. एकदा सरांनी तिच्या पाठीमागं बसून खिचडीचं ताट वाजवलं. सगळा वर्ग वळला. ती चित्र रंगवत राहिली.

"हिला ऐकू येत न्हाई," सर म्हणाले. "बाकी पोरगी बराबर आहे."

जालन्याला तपासणी शिबिर लागलं, तेव्हा तिला आणि तिच्या अम्मीला घेऊन आम्ही गेलो. कानाचे डॉक्टर आलेच नव्हते. बुद्धीची तपासणी करणाऱ्या मॅडमनी तिला तोंडी प्रश्न विचारले. ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. मॅडमनी 'बौद्धिक अक्षम' लिहिलं.

"आधी कान तपासू द्या, मॅडम. मंग लिहा," सर हात जोडून म्हणाले.

"मलाही कळतंय हो. पण रकाना रिकामा सोडता येत नाही."

पुढच्या शिबिरात कानाचे डॉक्टर होते, पण तिला त्या रांगेत घेईनात. आधीचा शेरा बदलून आणा म्हणाले. कुठून, ते कुणालाच सांगता येईना.

परतताना एसटीत सर तिला हातांनी बोलायला शिकवू लागले. पाणी, भूक, घर, अम्मी. मग दर महिन्याला थोडं थोडं. आपण तिच्या हातांकडं बघतच राहावं, इतकी ती त्यांच्याशी बोलायची.

दिवाळीनंतर ते आले नाहीत. मी फोन केला.

"कंत्राट संपलं. नवं निघालं न्हाई. शहागडला भावाच्या टपरीवर बसून राह्यलो," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "रुखसार बोलती का कुणाशी?"



परवा शाळा सुटल्यावर रुखसार माझ्यासमोर उभी राहिली आणि भराभर हात हलवू लागली. न्यायला आलेली अम्मीही बघत राहिली.

"सर, क्या बोल री ये?" तिनं मला विचारलं.

रुखसारनं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी सावकाश, आम्हाला समजावं म्हणून.