फुगा सोडायची परवानगी

लोहाऱ्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलींनी कॅमेरा बांधून पार ढगांच्या वर फुगा पाठवायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, अवघड असेल ते फुग्याचं काम. अवघड निघाल्या परवानग्या. आधी विमानवाल्यांची, मग तहसीलची, मग पोलिसांची. ठाण्यातल्या जमादारांनी तर शांतपणे विचारलं, "मॅडम, फुग्यात बसणार कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांचा सगळा रसच गेला.

अखेर परवानगी आली, पण एकाच सकाळची. आधी विमानांच्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा आणि त्यांचा होकार आला की लगेच फुगा सोडायचा. वेळ टळली तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि तोवर परीक्षा होऊन मुली पांगणार. म्हणजे आज नाही तर यांच्या हातून कधीच नाही.

एवढं उघड असताना आमच्या प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे बोलावले. आपल्याकडं बोअर घ्यायचा तरी नारळाला मोठा माणूस लागतो. मांडव, हार, शाल सगळं वेळेवर आलं, पाहुणे तेवढे आले नाहीत. "तुळजापूर सोडलंय म्हणतेत," असं प्राचार्य दर थोड्या वेळानं सांगत होते.

फुगा गॅस भरून तयार होता. मुली हातमोजे घालून त्याला धरून उभ्या होत्या आणि वारा वाढत चालला होता. त्यांच्या गटप्रमुख मुलीनं फोन लावला. पलीकडून होकार आला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी प्राचार्यांकडं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "लई मोठा माणूस हाय. अपमान व्हईल."

माझं डोकं असं तापलं, की वाटलं, शाल-नारळासकट प्राचार्यांनाच फुग्याला बांधावं. मी तोंड उघडणार, तोच त्या मुलीनं मैत्रिणींना मानेनं खूण केली आणि साऱ्यांनी हात सोडले.

टाळ्या वाजवायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. फुगा तिळाएवढा होईतोवर सगळे माना वर करून बघत राहिले. इतकी खूश मी नोकरी लागली तेव्हाही नव्हते.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. त्यांनी मोकळ्या आभाळाकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "कुणाला विचारून सोडला?"

प्राचार्य खाली बघू लागले. ती मुलगी पुढं झाली आणि अदबीनं म्हणाली, "ज्यांना विचारायचं होतं, त्यांना विचारलं, साहेब."