गाडी बंद करायची रीत

आमचे हे बावीस वर्षं बस चालवतात आणि अजून कुणाच्या गाडीला ओरखडासुद्धा काढलेला नाही. मी त्याच डेपोत फाटलेल्या सीटा शिवते. तेव्हा हे नवऱ्याचं कौतुक नाही, सगळा डेपो सांगेल.

वांधा झाला दुहेरी ड्यूटी लागल्यापासून. पहाटे चारला गाडी बाहेर, दहाला आत, दुपारी चारला पुन्हा स्टिअरिंगवर. मधे डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत झोप काढायची, असं ठरवणाऱ्याने ठरवलं. पण दुपारी झोप येईल तर शपथ! महिनाभर हे खाटेवर पडून पंखा बघत राहिले आणि एके दिवशी गाडी लावताना झापड येऊन बंपर भिंतीला टेकवला. कुणाला लागलं नाही. पण डेपोच्या डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवसांत दुपारची झोप जमली नाही तर स्टिअरिंग सुटलं, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं. म्हणजे हे लोकांच्या छत्र्या सांभाळणार! मला रागाने रडूच आलं.

डॉक्टर म्हणाले, गोळी नको. सकाळी आठनंतर चहा बंद, डोळ्यांवर फडकं, अंग ढिलं सोडा आणि ओळखीचं काहीतरी आठवत पडा. आता ह्यांना ओळखीचं काय आठवावं? आपलाच चौदा नंबरचा रूट! एकेक थांबा घेत मनातल्या मनात निघायचे. शाळेच्या वळणावर एखादा टेम्पो आडवा आला की पाय कचकन ब्रेकवर. सुट्टीच्या दिवशी घरी सराव केला, तर तो ब्रेक माझ्या नडगीवर बसला. वर मलाच सांगतात की त्याने इंडिकेटर दिलाच नव्हता. धन्य आहे, म्हटलं.

असे दहा दिवस वाया गेले. अकराव्या दिवशी मी चिडून सीट शिवत होते आणि समोर एक गाडी येऊन लागली. इंजिन बंद झालं, एअर ब्रेकची हवा फुस्स करून सुटली, मागून पुढे एकेक दिवा विझला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुई तशीच सीटला टोचून तडक खोलीत गेले.

"अहो, गाडी चालवत कुणी झोपतं का? ती आधी बंद करा."

हे एरवी माझं एक ऐकत नाहीत, पण गाडीचं म्हटल्यावर ऐकलं. आधी पाय पेडलवरून काढायचे, म्हणजे बोटं, पोटऱ्या, मांड्या ताणायच्या आणि सोडून द्यायच्या. मग हातांची पकड, खांदे, जबडा. श्वास चार मोजून आत, आणि ब्रेकची हवा सुटते तसा आठ मोजेपर्यंत सावकाश बाहेर. शेवटी मागच्या सीटपासून एकेक दिवा विझवत पुढे यायचं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की मधला दिवा विझतच नाही. चौथ्या दिवशी वीस मिनिटं डोळा लागला.

पंधराव्या दिवशी डॉक्टर स्वतः घड्याळ घेऊन खाटेशेजारी बसले. बाहेर मिस्त्री पत्रा ठोकत होते. रोजचा आवाज आहे, चालू दे, असं डॉक्टरच म्हणाले. मी दारात उभी. ह्यांच्या पायाची बोटं ताणली, सुटली. मुठी उघडल्या. फुस्स, फुस्स. मग बहुतेक मधला दिवा आला, कारण कपाळाला आठी पडली. विझ रे मेल्या, मी मनात ओरडले. आठी गेली. थोड्या वेळाने असं घोरणं सुरू झालं की मिस्त्रींनी हातोडा थांबवून विचारलं, कुणाचं इंजिन चालू राहिलंय?

डॉक्टर दीड तास हलले नाहीत. बाहेर बातमी पसरली, पण जल्लोष करायची सोय नव्हती. ज्याच्यासाठी करायचा तोच झोपलेला! मेकॅनिक, कंडक्टर, सगळे चवड्यांवर चालत होते. मिस्त्रींनी तर हातोडा खालीच ठेवला.

तीनच्या सुमाराला ह्यांना जाग आली. दारात एवढी माणसं गप्प उभी बघून चेहरा उतरला.

"छत्र्या का?" ह्यांनी मला विचारलं.

"छत्र्या गेल्या खड्ड्यात," म्हणत मी डॉक्टरांच्या सहीचा कागद ह्यांच्या छातीवर ठेवला. मग मात्र डेपोने जी आरोळी ठोकली ती पार रस्त्यापर्यंत गेली असेल.

चारला चौदा नंबर फाटकाकडे निघाली. डेपोत हॉर्नला बंदी आहे आणि बावीस वर्षांत ह्यांनी ती एकदाही मोडली नव्हती. त्या दिवशी माझ्या शेडसमोरून फाटकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नियम मोडल्याचं लिहायला वही उघडली, ह्यांच्याकडे बघितलं आणि मिटून ठेवली.