मामीने भरून दिलेली टोपली

सासुरवाडीला रिकाम्या हाताने जाणारा जावई काचिन डोंगरात अजून जन्माला यायचाय. म्हणून ब्रांगने टोपली मागितली तेव्हा त्याच्या बायकोला, नांगला, काही नवल वाटलं नाही. तिने भाताच्या दारूच्या बांबूनळ्या आणि सुकी मासळी आत भरली. "आबांना म्हणावं, पोरगी विसरली नाही." ब्रांग खरं तर वाईट बातमी द्यायला निघाला होता. पण ते तिला सांगायची त्याची छाती झाली नाही.

सासऱ्यांचं नाव याव, आणि ते त्याचे सख्खे मामाच. त्यांचं घर डोंगराच्या धारेपलीकडे, चीनच्या हद्दीत, आणि शेत अलीकडच्या उन्हाच्या उतारावर, म्हणजे ब्रह्मदेशात, इंग्रजांच्या हद्दीत. धारेवरून रेघ ओढणाऱ्यांनी मामांना काही विचारलं नव्हतं. त्या उतारावर मका धड येत नाही, अफू येते. ती देऊन बाजारात तांदूळ-मीठ मिळतं आणि घर पावसाळा काढतं. यंदा हुकूम निघाला, पलीकडच्यांनी अलीकडे अफू लावायची नाही. लावलेली झोडून टाकायची, आणि तीही उद्याच. ब्रांग चौकीवरचा शिपाई. वाट त्याच्या पायाखालची, तेव्हा साहेबाने त्यालाच पुढे घातलं.

आज कळलं तर मामा संध्याकाळी बोंडांना चिरा देतील आणि पहाटे चीक खरवडून घेतील. सगळं नाही, पण थोडं तरी पदरात पडेल. एवढाच त्याचा बेत होता.

"या, जावईबापू," शेतावरच्या खोपीतून मामा ओरडले. "कमरेचा पट्टा सरकारचा, पण टोपली आमच्या नांगच्याच हातची दिसतेय."

मामीने टोपली उतरवून घेतली आणि तिथेच ब्रांगचं चुकलं. टोपली घेऊन आलेला माणूस चांगल्या मनाने आलेला असतो. त्या दिवशी त्या चुलीपाशी वाईट शब्द निघत नाही. आता बोलायचं तरी कोणत्या तोंडाने?

मामांनीच विषय काढला. "लोक म्हणतात, शिपाई येणार. मी म्हटलं, येऊ देत. आमचा जावई आहे ना त्यांच्यात."

"मामा, बोंडं आजच चिरून घ्या."

"ऐकलंस का गं? जावई आता शेती शिकवायला लागला. अरे, अजून चार दिवस ऊन खाऊ दे, मग बघ कसा चीक निघतो."

"तसं नाही, मामा."

"मग कसं?"

उद्या मीच त्यांना घेऊन येतोय, एवढंच म्हणायचं होतं. ब्रांग म्हणाला, "काही नाही. पाऊस येईल असं वाटलं."

मामांनी वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. ते हसले आणि त्यांनी जावयाचा पेला पुन्हा भरला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो आपणच, हे ब्रांगला कळत होतं, आणि तरी तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी शिपाई वर चढले तेव्हा मामा बांधावर उभे होते. ब्रांगला सगळ्यांच्या पुढे पाहून त्यांचा चेहरा उजळला. जावई मध्ये पडायला आला, असंच त्यांना वाटलं असणार. मग त्यांना त्याच्या हातातली काठी दिसली.

पहिलं बोंड ब्रांगनेच उडवलं. पांढरा चीक बाहीवर सांडला. शिपाई रांगेने झोडत गेले, आणि उतारावर उभं असं काही उरलं नाही. मामा शिव्या देतील तर बरं, असं त्याला वाटत होतं. ते जवळ आले आणि हलकेच म्हणाले, "काल सांगायचंस रे. आम्ही मिळेल तेवढं चिरून घेतलं असतं."

ब्रांगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठी कुठे लपवावी तेही त्याला सुचेना.

परत फिरताना मामीने टोपली आणून त्याच्या पाठीला लावली. ती जड होती.

"मामी, हे राहू द्या. तुम्हालाच..."

"पोरीची टोपली आहे. रिकामी कशी धाडू?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

घरी नांगने टोपली उघडली. आत काठोकाठ तांदूळ होता. "बघा," ती खुलून म्हणाली, "आबांचं यंदा बरं चाललेलं दिसतंय. होय ना?"

"होय," ब्रांग म्हणाला.

तिने लगेच भात टाकला आणि गरम गरम वाढला. ब्रांगने तो कसाबसा संपवला. पण तिने दुसऱ्यांदा वाढला तेव्हाही त्याने पान पुढे केलं. नको म्हटलं असतं, तर तिने का म्हणून विचारलं असतं.