वळखलं काय मले?

आमच्याकडच्या लग्नात मला एकाच प्रश्नाची धास्ती असते. कोणीतरी समोर येतं, हात घट्ट धरतं आणि विचारतं, "वळखलं काय मले?" याला 'नाही' म्हणायची रीत नाही. म्हटलंच, तर शहरात जाऊन याच्या डोळ्यांवर धूर आला, असा निकाल मांडवातच लागतो.

गंमत म्हणजे मी कॉलेजात हाच विषय शिकवतो. संगणकातल्या कृत्रिम न्यूरॉनच्या जाळ्यात आठवण एखाद्या कप्प्यात ठेवलेली नसते. ती न्यूरॉनांच्या आपसातल्या बंधांत मुरलेली असते. अर्धा चेहरा दाखवा, जाळं घरंगळत जवळच्या आठवणीपाशी जाऊन थांबतं आणि पूर्ण चेहरा देतं. फार चेहरे कोंबले तर भलताच देतं, तोही तितक्याच ठामपणे. 'मला माहीत नाही' म्हणायची सोय त्या बिचाऱ्याला नसते. यावर मुलं हसतात, मीही हसून घेतो.

किन्हीराजा गावी भाच्याच्या लग्नात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला आणि तोच प्रश्न टाकला. पांढऱ्या मिशा, टोपी, पानाचा वास. एवढ्या खुणा मला पुष्कळ झाल्या. धनजचे मामा, आमच्या वहिनीचे वडील, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. वर संत्र्याच्या बगीच्याची चौकशी केली. ते बगीचा चांगला आहे म्हणाले. मामींची तब्येत विचारली, तीही चांगली आहे म्हणाले. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पंगतीत ते माझ्या शेजारीच बसले. भाजी आली तसा त्यांनी वाढप्याचा हात अडवला.

"याले तर्री नोको देऊ बाप्पा, याचं पोट दुखते."

आणि सगळं एकदम आलं. कारंज्यातल्या त्यांच्या दोन खोल्या, अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे फुकट राहिलेला मी, माझ्यासाठी रोज वेगळी काढलेली बिनतिखटाची भाजी, ती काढून ठेवणाऱ्या काकू. त्या काकू गेल्या तेव्हा त्यांच्या तेरवीला मी स्वतः जेवून आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चुकलो," एवढंच कसंबसं म्हणालो.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "राहू दे, बापू. तू इचारलं तं घडीभर मलेबी वाटलं, घरीच हाय तुही काकू."