एका चुलीवर किती माणसं? फुलंब्रीकडची तीन दिवसांची फेरी

सगळं जग फुलंब्रीवरून अजिंठ्याला जातं. मी त्या रस्त्यानं पाच वेळा गेले आणि पाचही वेळा फुलंब्रीलाच उतरले. लेणी अजून पाहिलेली नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी फोटो मागणार नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि बावन्नाव्या वर्षी पीएच.डी. करतेय. हसा खुशाल, घरचेही हसतात. विषय आहे खेड्यातली गरिबी, आणि त्यातही म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला काय येतं ते. गेल्या हिवाळ्यात फुलंब्री तालुक्यातल्या एका गावातल्या वस्तीत मी घरोघर फिरून फॉर्म भरून घेतले. गावाचं नाव सांगणार नाही, आमच्याकडे तशी पद्धतच असते. त्या फॉर्मांवर माझं चौथं प्रकरण उभं राहिलं आणि ते माझं फार लाडकं होतं. त्यात मी लिहिलं होतं की या गावात म्हातारपण म्हणजे गरिबी नव्हे. म्हाताऱ्या बायका भरल्या घरात राहतात आणि दोन वेळ पोटभर जेवतात.

मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "अख्ख्या वस्तीत एकटी राहणारी एकही म्हातारी नाही? पत्ता दे बाई, रिटायर झाले की मीच जाते राहायला."

मला असा राग आला म्हणून सांगू! पण त्यांचं पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. "जाऊन बघून ये. खरं असेल तर ठेव, नाहीतर प्रकरण काढ," एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. चौथं प्रकरण काढलं तर मागं उरतो तो नुसता संदर्भग्रंथांचा ढीग. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बसस्टँडवर उभी होते.

नाशिकहून येवला, वैजापूर करत संभाजीनगरपर्यंत लालपरीनं पाच तास धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फारसा चटका नाही. खिडकीची जागा डावीकडची घ्या, उजवीकडून ऊन भाजतं. संभाजीनगरला मध्यवर्ती बसस्टँडजवळ साध्या लॉजची रांग आहे. खोली बघायच्या आधी गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा. मी विचारलं नाही आणि जानेवारीत गार पाण्यानं आंघोळ केली.

दुपारी रिक्षानं औरंगपुऱ्यात गेले, कोऱ्या फॉर्मांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. दुकानदारानं गठ्ठा हातात देताना विचारलं, "मॅडम, पोरांची परीक्षा का?"

म्हटलं, "माझीच आहे."

संध्याकाळी जुन्या शहरातल्या एका बोळात नान-खलिया खाल्ला. पिवळाधमक मऊ नान, बाजूला मटणाचा लालभडक रस्सा. एका नानात दोघांचं पोट भरतं. मी एकटीनं संपवला आणि मनावरचा अर्धा भार उतरला. वरची तर्री जरा बाजूला करून खा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोट बोलतं.

सकाळी सिल्लोडकडे जाणारी बस धरली. पाऊण-एक तासात फुलंब्री येतं. पुढं गावापर्यंत सहा आसनी रिक्षा आहे, ती भरल्याशिवाय हलत नाही. "अजून एक सीट हाये," ड्रायव्हर म्हणाला. मी मोजून दाखवलं, आम्ही आधीच दहा होतो. "धा कुठं लई हायेत बाई, बारा बसतेत!" आणि बसले की हो बारा. बाराव्या बाईची पालेभाजीची पिशवी गावापर्यंत माझ्या मांडीवर होती, उतरताना तिनं त्यातली मेथीची जुडी मला देऊन टाकली.

गावाच्या उत्तरेला ती वस्ती आहे. बौद्ध घरं जास्त, त्यांना लागून चार-पाच मुसलमानांची. मागच्या खेपेला पहिला फॉर्म मी नसीमभाभीकडे भरला होता. नसीमभाभी चाळिशीची, नवरा फुलंब्रीत सायकली दुरुस्त करतो, बोलणं तोफेसारखं. तिच्या घरात माणसं सात, असं माझ्या कागदावर होतं. नवरा-बायको, सासू-सासरे, दोन मुलं आणि सातव्या गयाबाई, वय सत्तरीच्या पुढं. मागच्या वेळी नावावरूनही शंका आली नव्हती, वाटलं होतं घरातलीच कुणी असेल. विचारलं नव्हतं.

भाभीनं चहा टाकला, तेवढ्यात समोरच्या एका पत्र्याच्या घराचं दार उघडलं. बारीकशी, ताठ पाठीची एक म्हातारी बाहेर आली. दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि "जय भीम बाई," म्हणत भाभीच्या ओट्यावर येऊन बसली. मागच्या खेपेला याच ओट्यावर पाहिलेल्या, त्याच ह्या गयाबाई!

"भाभी, या समोरच्या घरात राहतात?"

"हौ. उनका घर है ना."

"मग मागच्या वेळी तुमच्या घरात का सांगितल्या?"

नसीमभाभीनं कमरेवर हात ठेवला. "ओ मॅडम, तुम्हीच इच्चारलं नव्हं का, एका चुलीवर किती माणसं खातेत? मी बोली सात. सात जनं खातेत. झूट कशाला बोलू?"

झालं! सर्वेक्षणाच्या पुस्तकात घराची व्याख्या तीच, एका चुलीवर जेवतील ते एक घर. आणि या वस्तीत एकट्या म्हातारीनं स्वतःपुरतं सरपण जाळायचं नाही अशी रीत. रेशनचं धान्य ती शेजारच्या चुलीला देते, शेंगा सोलते, पोरं सांभाळते आणि तिथंच जेवते. जात कुठली, देव कुठला, कुणी विचारत नाही. मी दुपारभर वस्ती पालथी घातली. अशा आणखी चार निघाल्या. पाचही जणींचं दार वेगळं, कुलूप वेगळं, आणि पाचही जणींना मी दुसऱ्यांच्या घरात कोंबून माझ्या तक्त्यातून गायब केलं होतं. मॅडम बरोबर होत्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्षभर मी कॉलेजात ज्यांच्याविषयी भाषणं ठोकली, त्याच मला दिसल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॉजवरून पुन्हा वस्तीत आले आणि नवे फॉर्म घेऊन गयाबाईंच्या दारात बसले. आता प्रत्येकीचा फॉर्म वेगळा भरायचा, असं ठरवून.

"घरात कोण कोण, मावशी?"

"मी."

"चूल आहे?"

"हाय की." कोपऱ्यात सारवलेली, स्वच्छ चूल होती. राख नव्हती.

"पेटवता कधी?"

"नसीम उन्हाळ्यात माहेरी जाती सिल्लोडला, सगळ्यास्नी घिऊन. आठ-धा दिस. तवा लागली तर पेटवायची."

"लागली तर म्हणजे?"

"एकलीसाठी कोण धूर करतंय? च्या पिती, त्यात बटर बुडवून खाती. होतंय."

मी खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी कागदाकडे बोट केलं. "काय लिव्हलं?"

वाचून दाखवलं: कुटुंबातील सदस्य एक, एकटी, गरीब.

"एकटी खोड."

"मावशी, तसं लिहिलं नाही तर तुमचे हाल कुणाला कळणारच नाहीत. भाभीच्या घरात धरलं की तुम्ही खात्यापित्या घरातल्या दिसता."

"मी गरीब हाये, ते लिव्ह की. नाय कुठं म्हन्ते? पर एकटी नाय. दोनी लिव्हाया जागा नाय व्हय तुझ्या कागदात?"

नव्हती. खरंच नव्हती. तीस वर्षं मी हा विषय शिकवतेय आणि गरीब आहे पण एकटी नाही, असं लिहायला माझ्या फॉर्मात एक चौकोन नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायलाही जमलं नाही. तेवढ्यात समोरून नसीमभाभी ओरडली, "दोघी या, भाकर थंडी होती!" आम्ही गेलो. ज्वारीची भाकरी, रिक्षातल्या मेथीची भाजी, लसणाची चटणी. भाकरीची पाटी गयाबाईंच्याच पुढं होती, वाढायचं काम त्यांचं. शेवटच्या दोन भाकऱ्या त्यांनी कुणाला न विचारता भाभीच्या ताटात टाकल्या. "ही वाढायला बसली की सवताला इसरती," त्या मला म्हणाल्या. भाभी नुसती गालातल्या गालात हसली.

दुपारच्या रिक्षानं निघाले, संध्याकाळची बस धरून नाशिक. तीन दिवसांत लॉज, गाड्या, खाणं सगळं धरून अडीच हजारांच्या आत भागलं. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, हवा छान असते.

चौथं प्रकरण मी स्वतःच्या हातानं काढलं. मॅडमना म्हटलं, फॉर्म नव्यानं करते: झोपता कुठं हा एक रकाना, जेवता कुठं हा दुसरा. आणि उन्हाळ्यात, भाभी माहेरी गेली की, पुन्हा जाते. ते आठ-दहा दिवस गयाबाई काय खातात ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. मॅडमनी सहा महिन्यांची मुदतवाढ लिहून दिली. घरी बोलणी बसली. पण खरं सांगते, या पीएच.डी.च्या भानगडीत पडल्यापासून इतकी शांत झोप मला लागली नव्हती.

परवा भाभीला फोन करून मे महिन्याचं विचारलं. तिनं फोन गयाबाईंच्या हातात दिला. मी सगळं नीट समजावलं की मी नुसती बघायला येणार, तुम्ही रोजच्यासारखंच राहायचं, चहा पिणार असाल तर चहाच प्यायचा, माझ्यासाठी काहीही वेगळं करायचं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "पर तू येनार म्हंजी चूल पेटवावीच लागंल."

शास्त्राच्या हिशेबानं त्या आठवड्याची माहिती फुकट गेली. मी तिकीट काढलंय, आठ दिवस राहणार आहे.