सरासरीत हरवलेले नव्वद

२०२१ च्या एप्रिलमधला सोमवार, सकाळी साडेदहा. ऑक्सिजन ९६, ताप १०१.४. हजर तिघं: मी, माझी बायको सुनंदा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आमची मुलगी अस्मिता. मोबाइलवर आलेला कोरोनाचा रिपोर्ट मी मोठ्याने वाचला. सुनंदा पॉझिटिव्ह, आम्ही दोघं निगेटिव्ह.

सुनंदा म्हणाली, "घरात सगळ्यात आधी मीच उठते. हे बी आधी मलाच."

कोणी हसलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी बीडला तिचा थोरला भाऊ आपल्या पायांनी दवाखान्यात गेला होता आणि परत आला नव्हता. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून आमच्या घरात 'दवाखाना' हा शब्द कोणी काढत नव्हतं.

घरी आजारी माणूस सांभाळण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कारण मी जी चूक केली ती हलगर्जीपणाची नव्हती. अगदी नीट, रकाने आखून केलेली होती.

निगडीतल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन करून घेतला. आजाराने फुफ्फुसाचा किती भाग धरला आहे ते त्यात कळतं. स्कोर आला पंचवीसपैकी सात. फोनवर त्या म्हणाल्या, "घरी ठेवायला हरकत नाही. एसपीओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून चार वेळा मोजा. ९४ च्या खाली गेला तर मला लगेच फोन. वाट बघायची नाही."

मोजायचं म्हटल्यावर मला बरं वाटलं. ते काम मला येतं. निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी चोवीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. गाडीचे सुटे भाग तपासतो. आमची पद्धत ठरलेली आहे: एकच माप पाच वेळा घ्यायचं आणि रिपोर्टमध्ये सरासरी लिहायची. एखादं माप बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं, तर आधी उपकरणावर किंवा आपल्या हातावर संशय घ्यायचा.

मी वही केली. तारीख, वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन. ऑक्सिजन पाच वेळा मोजायचा आणि सरासरी लिहायची.

आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच आहे. आतली खोली सुनंदाला दिली. उंबऱ्यापाशी एक स्टूल ठेवलं. अस्मिता त्याच्यावर ताट ठेवून मागे सरायची, मग मी मास्क लावून ते आत न्यायचो. आत फक्त मी जायचं असं ठरलं होतं.

औषधं पाच होती, ती देणं सोपं होतं. अवघड होत्या त्या बारीकसारीक गोष्टी, कारण त्या आजवर तीच करत आली होती. चादर रोज बदलायची. उशीखाली कोरडा टॉवेल, कारण घामाने मान चिकट होते. प्यायचं पाणी कोमट, पण 'तोंड भाजंल असं न्हाई'. तोंडाला चव नव्हती, तेव्हा ज्वारीची पातळ पेज आणि तिच्यात भाजलेल्या लसणाची एकच पाकळी. तिची गोधडी तिला हवीच होती. नवं ब्लँकेट तिने पायाने ढकलून दिलं. "ह्येला आपल्या घरचा वास न्हाई," म्हणाली. वास तर तिला चार दिवसांपासून कशाचाच येत नव्हता.

चौथ्या दिवशी तिच्या केसांचा गुंता झाला. केस कमरेपर्यंत लांब, घामाने ओले आणि पालथं झोपून चोळामोळा झालेले. पालथं झोपण्याला प्रोनिंग म्हणतात. पोटावर झोपल्याने फुफ्फुसाच्या मागच्या भागात हवा पोहोचते. मॅडमनी ते दिवसातून चार तास करायला सांगितलं होतं. केस टोचत होते म्हणून ती करत नव्हती.

मी हातमोजे घातले, तेल घेतलं आणि टोकाकडून विंचरायला बसलो. पन्नास मिनिटं लागली. वेणी घालून झाल्यावर तिने ती पुढे घेऊन पाहिली.

"वेणी हाय का चऱ्हाट?"

दाराबाहेरून अस्मिता म्हणाली, "पप्पा, एक पेड जाड आणि दोन बारीक. कंपनीत पास केलं असतं का हे?"

"रिजेक्ट," मी म्हणालो. त्या आठवड्यात आम्ही तिघं तेवढंच हसलो.

वहीत मात्र सगळं छान होतं. ९५, ९५, ९४, ९५, ९४. रोज संध्याकाळी मी पानाचा फोटो मॅडमना पाठवायचो. त्यांच्याकडे तेव्हा असे किती पेशंट होते कोणास ठाऊक. त्या अंगठा पाठवायच्या आणि आम्ही निश्चिंत व्हायचो.

सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी पुन्हा विंचरत होतो. ती मला रागावत होती, "हळू... ओढा की... दुखतंय." चार शब्द बोलायला तिने तीनदा श्वास घेतला. एरवी ती एका दमात मला, माझ्या कंपनीला आणि माझ्या भावाला मिळून बोलते. माझा हात थांबला.

मी ऑक्सिमीटर लावला. ९० आला. बोट गार असेल म्हणून चोळलं आणि पुन्हा लावला. ९४. मग ९५, ९६, ९६. बेरीज ४७१, भागिले पाच, ९४.२. मी वहीत ९४ लिहिलं. ते लिहिताना पेन अडखळलं, हे मला आठवतं. तरी लिहिलं.

या वेळी फोटोबरोबर मी एक ओळ टाकली: बोलताना धाप लागते. दोन मिनिटांत मॅडमचा फोन आला.

"सगळे आकडे इतके सारखे कसे हो? कधी मोजता?"

"आराम झाल्यावर. पाच वेळा मोजून सरासरी काढतो."



"सरासरी कोणी सांगितली तुम्हाला? मला सगळ्यात कमी आकडा हवा. तो काय होता?"

"नव्वद."

"त्यांना उठवा. खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवा आणि थांबल्याबरोबर मोजा. मी फोनवरच आहे."

या चाचणीला सिक्स मिनिट वॉक टेस्ट म्हणतात. बसल्या जागी चांगला दिसणारा ऑक्सिजन चालल्यावर किती पडतो, ते तिच्यात कळतं. आमच्या खोलीत एका भिंतीपासून दुसरीपर्यंत नऊ पावलं होती. सुनंदा तिसऱ्या मिनिटाला भिंतीला धरून उभी राहिली. आकडा ८८.

"बेड शोधा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. उद्या नाही."

सुनंदाने ऐकलं होतं. ती खाली बसली आणि गोधडी अंगाभोवती घेतली.

"मी न्हाई जायची. दादा बी चालतच गेल्ता."

मग तिने सांगितलं. पहिल्यांदा मोजताना ती गाफील असायची. मला पाच वेळा मोजायची सवय आहे हे तिला चोवीस वर्षांपासून माहीत होतं. उरलेल्या चार वेळा ती खोल श्वास ओढून धरायची. "नंबर चांगला आला की तुमी... वहीत लिहून... गप बसता."

म्हणजे पहिला आकडा खरा होता आणि मी रोज त्याला चार खोट्या आकड्यांत मिसळत होतो.

मी वही मिटली. तेव्हा सात दिवसांत पहिल्यांदा अस्मिता उंबरा ओलांडून आत आली. दोन मास्क लावलेले.

"मम्मी, मामा अकराव्या दिवशी दवाखान्यात गेला होता. तुझा सातवा आहे. चार दिवस आहेत आपल्याकडे, ते इथं बसून घालवायचे का?"

सुनंदाने गोधडी बाजूला सारली. नंतर म्हणाली, "माझी चप्पल बघ."

मी तेवीस फोन केले. बावीस ठिकाणी नाही. तेविसावा फोन कंपनीतल्या स्टोअर्सच्या शिर्केला. आमचं त्याच्याशी कधीच पटलं नव्हतं.

"क्वालिटीवाले! आज कसं काय? रविवारी बी काय रिजेक्ट करायचंय का?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "थांब राव," आणि फोन ठेवला. चार वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. तळेगावच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्याचा मेहुणा कामाला होता, तिथे एक ऑक्सिजन बेड रिकामा झाला होता. "साडेपाचच्या आत पोच, भावा. नंतर ते दुसऱ्याला देतील. लाइन हाय तिथं."

रुग्णवाहिकेला दोन तास लागणार होते. तळमजल्यावरचे कदमभाऊ शाळेची व्हॅन चालवतात. शाळा वर्षभर बंद होत्या. मी दुरूनच विचारलं. ते आत गेले, मास्क लावून किल्ली घेऊन आले. "तीही वर्षभर झोपूनच आहे. आज पळू दे तिला."

ती पळेना. बॅटरी उतरली होती. सोसायटीतले चार जण, जे सात दिवस आमच्या दारासमोरून जिना चढताना श्वास रोखायचे, तेच खाली आले आणि धक्का मारला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. सुनंदा मागच्या सीटवर गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसली होती. सगळ्या काचा उघड्या. मी तिच्या बोटाकडे बघत होतो आणि कदमभाऊ आरशातून माझ्याकडे. ८७. ८६. देहूरोडला सिग्नल लाल होता, त्यांनी तो पाळला नाही.

पाच वाजून अठरा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. सिस्टरने तिला व्हीलचेअरवर घेतलं आणि पिशवी मागितली. मी पिशवीत गोधडी, कंगवा, तेलाची छोटी बाटली, टॉवेल, चार्जर असं भरलं होतं. दार बंद झालं.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. "आठ लिटरवर ठेवलंय," म्हणजे मिनिटाला आठ लिटर ऑक्सिजन. "पुढचे तीन दिवस काही सांगू शकत नाही. उद्या आणलं असतं तर मात्र सांगितलं असतं."

नऊ दिवस मी त्या हॉस्पिटलसमोरच्या पत्र्याच्या शेडखाली बसलो. दुपारी चारला डॉक्टर नावं पुकारून माहिती द्यायचे. दुसऱ्या दिवशी दहा लिटर. तिसऱ्या दिवशीही दहा. त्या दिवशी पुकारलेल्या नावांपैकी एकाचे नातेवाईक शेडमध्ये परत आले नाहीत. चौथ्या दिवशी आठ. मग सहा. स्टेरॉइडमुळे तिची साखर वाढली, तीही आठवड्यात आटोक्यात आली.

पाचव्या दिवशी पहिला व्हिडिओ कॉल झाला. नाकाला नळी, गोधडी गळ्यापर्यंत. आणि केसांच्या दोन घट्ट वेण्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

"हे कोणी केलं?"

"हितल्या मावशीनं. रोज घालतात. तुमच्यापेक्षा... बरी घालतात."

मी शब्द मोजले: सात, दोन श्वासांत.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर एवढं ऐका. चालवून मोजा. पेशंटला बोलायला लावा आणि ऐका. जो आकडा लिहावासा वाटत नाही तोच डॉक्टरला आधी सांगा. मी अजून कंपनीत सरासरीच लिहितो, लोखंडाला ती चालते. लोखंड भीतीपोटी श्वास रोखून धरत नाही.

दहाव्या दिवशी सुनंदाला सोडलं. व्हीलचेअर ढकलत मावशीच घेऊन आल्या. पीपीई किटमध्ये त्यांचे डोळे सोडून काही दिसत नव्हतं. तळेगावजवळच्याच कुठल्या गावच्या होत्या. मी पाचशेची नोट पुढे केली.

"न्हाई. मला पगार हाय," त्या म्हणाल्या.

मी खूप आग्रह केला. त्यांनी सुनंदाच्या वेण्यांकडे बोट केलं.

"ती रबरं माझ्या नातीची हायेत. रोज इचारती, माझी रबरं कुठंयत. त्येवढ्याचं द्या. दहा रुपयं."

मी दहाची नोट दिली. त्यांनी ती घेतली, सुनंदाची गोधडी नीट सारखी केली आणि रिकामी व्हीलचेअर घेऊन आत गेल्या.